सासूबाईंच्या डब्यातलं जुनं बी: उगवेल का, आणि पुढं ठेवायचं कसं?

तापीकाठची | १२ मे २०२४

राम राम मंडळी. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी घर आवरायला काढलं तर माळ्यावर सासूबाईंचा बियांचा पत्र्याचा डबा सापडला. आत कापडाच्या पुरचुंड्या, औषधाच्या दोन काचेच्या बाटल्या आणि पेपरच्या पुड्या. काहींवर त्यांच्या अक्षरात लिहिलंय, गिलके (घोसाळं) २०२०, भरीताचं वांगं आखाजी २०२१, कांदा २०२२. भेंडी आणि गवारीवर काहीच नाही. वांग्याचं बी राखेत कालवून ठेवलंय. सासूबाई म्हणतात बी चांगलं आहे पेर बिनधास्त, मिस्टर म्हणतात एवढं जुनं बी कुठं उगवतं, पाकीट आणू नवीन. बाकीचं गेलं तरी चालेल पण वांग्याचं मला टाकवत नाही, ते सासूबाईंच्या माहेरचं आहे, जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदकडचं, आणि तसं भरीत बाजारच्या वांग्याचं होत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे.

तर प्रश्न असा की पेरण्याआधी बी जिवंत आहे का मेलं हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि जे चांगलं निघेल ते पुढं कसं ठेवायचं, कारण आमच्याकडे आत्ता दुपारी ४४ असतं आणि माळ्यावर तर हात लावू नये इतकं तापतं.

अमळनेरकर | १२ मे

फेकू नका हो. वांग्याचं तर अजिबात नाही. बाकी जाणकार सांगतीलच.

कळण्याची_भाकरी | १२ मे

मिस्टरांना म्हणावं पाकिटातलं बी पण कुणाच्या तरी वांग्यातूनच येतं 😀

गच्चीतली_बाग | १२ मे

सोपं आहे ताई. वाटीभर पाण्यात बी टाका, अर्ध्या तासाने बघा. बुडालं ते चांगलं, तरंगलं ते फेका. मी पुण्यात गच्चीवर कायम असंच करते.

सातपुडा_पायथा | १२ मे

गच्चीताई, राग मानू नका पण जुन्या बियाण्याला ही परीक्षा लावू नका. मी यावल तालुक्यातला, घरी दोडक्याचा नि भेंडीचा बियाण्याचा प्लॉट असतो, बी हाताखालून बरंच जातं. बुडणं तरंगणं हे बियाच्या वजनावर आहे, जिवावर नाही. पोचट बी तरंगतं हे खरं, पण भरलेलं बी आतून मेलं तरी त्याचं वजन थोडंच कमी होतं, ते तळालाच जाणार. उलट गिलकं, दुधी, कारलं यांच्या सालीखाली हवा असते म्हणून चांगलं जिवंत बी पण तरंगतं, टमाट्याच्या बियाला बारीक लव असते तिला बुडबुडे चिकटतात. म्हणजे मेलेलं ठेवाल आणि जिवंत फेकाल. आणि एकदा भिजलेलं बी परत डब्यात घालता येत नाही हे वेगळंच.

खरी परीक्षा एकच, थोडं बी उगवून बघायचं. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा घ्या, भिजवा आणि घट्ट पिळा. पिळल्यावर थेंब पडता कामा नये पण गालाला लावला तर गार ओल लागली पाहिजे. बी त्यावर एकमेकाला न चिकटता मांडा, गुंडाळी करा, एका टोकाला पिकाचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधा आणि झाकण अर्धवट लावलेल्या डब्यात ठेवा. हवा लागते बियाला, गच्च बंद केलं की कुजतं. रोज एकदा उघडून बघा, कापड सुकलं असेल तर पाणी शिंपडा, बुरशी आलेलं बी उचलून टाका. सरकारी लॅबमध्ये ४०० बी मोजून लावतात, आपण घरी तेवढं कशाला घालवायचं, पण निदान वीस तरी घ्या. वीसमध्ये एका बियाने पाच टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून आकडा अंदाजाचा समजा.

घाई करू नका. चवळी, काकडी आठवड्यात कळते. वांगं, मिरची, टमाटं, गिलकं यांना दोन आठवडे द्या. कांद्याला बारा दिवस. भेंडी आणि धणे तीन आठवडे. आणि मोजताना नुसतं फुगलेलं बी धरू नका. मूळ सरळ पांढरं आणि वर कोंब, दोन्ही धड असतील तेच रोप. मुळाचं टोक तपकिरी झालेलं, वाकडं, अर्ध्यात थांबलेलं असेल तर ते मातीतून वर येणार नाही.

अमळनेरकर | १२ मे

+१. वाचनखूण साठवली.

गच्चीतली_बाग | १२ मे

राग कशाला, नवीन कळलं. दुधीचं बी नेहमी तरंगायचं आणि मी फेकायचे, आता नाही फेकणार.

शेवंतामावशी | १३ मे

मन्ही आजी गिलकानं बी शेनमा थापीसन भितले लाये (माझी आजी गिलक्याचं बी शेणात थापून भिंतीला लावायची). चुलीमागच्या भिंतीवर अशा चार पाच थापट्या असायच्या, मृग आला की एक एक काढून फोडायची आणि बी वाफ्यात. दुधीचा मोठा तुंबा वाळवून त्यातपण बी ठेवायची, तोंडाला शेणामातीचा बूच. आणि गिलकं तर एक दोन वेलावरच वाळू द्यायची, खुळखुळ वाजायला लागलं की देठासकट आढ्याला टांगायची. आमच्याकडे कधी बी विकत आणलेलं मला आठवत नाही. तेव्हा फ्रीज नव्हते तरी उगवायचंच ना?

प्रयोगवही | १३ मे

मावशी, उगवायचं, कारण आजी दरवर्षी नवीन बी धरायची. एका उन्हाळ्यातून पुढच्या मृगापर्यंत न्यायचं तर शेण, राख, धूर पुरेसा आहे. तापीकाठच्या ताईंचा प्रश्न तीन चार वर्षांचा आहे, तो वेगळा.

मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकले, आता शिकवते. बियाचे शत्रू दोन, ओल आणि उष्णता, आणि त्यातही ओल आधी. हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा एक ठोकताळा आम्ही मुलांना पहिल्याच तासाला सांगतो. बियातली ओल एक टक्क्याने कमी केली की आयुष्य साधारण दुप्पट, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. ओल साधारण ५ ते १४ टक्के असेल तोवर हा हिशोब लागू पडतो. आता माळ्यावरचे ४२ आणि फ्रीजमधले ७ अंश यांच्यात ३५ अंशांचा फरक आहे, म्हणजे सात वेळा दुप्पट. अगदी शंभर पट जगेल असं मी म्हणत नाही, ठोकताळाच आहे तो, पण माळा आणि फ्रीज यांत किती अंतर आहे ते लक्षात येईल.

दुसरं म्हणजे सगळ्या भाज्या सारख्या जगत नाहीत. बऱ्या जागी कोरडं ठेवलं तर काकडी, गिलकं, दोडकं, दुधी चार पाच वर्षं, वांगं आणि टमाटं पण तेवढंच. मुळा, कोबी चार वर्षं. गाजर, चवळी, वाल तीन. भेंडी, मिरची, धणे दोन धरा. आणि कांदा एक वर्ष. कांद्याचं बी दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी कुणालाच पेरायला सांगत नाही.

केळीच्या_बागेत | १३ मे

कांद्यावरून आठवलं. आमच्या गावात मागे एका दुकानातून आणलेलं कांद्याचं बी बऱ्याच जणांनी टाकलं आणि रोपवाटिका निम्मी पण उगवली नाही. लागवडीचा हंगामच गेला, दुसरं रोप विकत घ्यायला भाव तिप्पट. पाकिटावरची तारीख कुणी बघितलीच नव्हती. तेव्हापासून मी आधी तारीख बघतो मग भाव विचारतो.

प्रयोगवही | १३ मे

भाऊ, बरोबर करता. पाकिटावर किंवा टॅगवर दोन तारखा असतात. एक उगवण चाचणी कधी घेतली ती आणि दुसरी कुठपर्यंत वैध ती. प्रमाणित बियाण्याला चाचणीपासून नऊ महिने धरतात, पुन्हा चाचणी पास झाली तर सहा महिने वाढवतात. निळा टॅग म्हणजे प्रमाणित, हिरवट लेबल म्हणजे कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेलं सत्यप्रत बियाणं. किमान उगवण पण ठरलेली आहे, कांदा, वांगं, टमाटं ७० टक्के, भेंडी ६५, मिरची आणि वेलवर्गीय ६०. बिल, रिकामी पिशवी, टॅग आणि मूठभर बी पीक हातात येईपर्यंत जपून ठेवा. हे नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करून काही सिद्ध करता येत नाही.

कळण्याची_भाकरी | १३ मे

फ्रीजमध्ये बी ठेवायचं बोलताय, आमच्या फ्रीजमध्ये मे महिन्यात कैऱ्या, आमरस आणि ताकाच्या बाटल्या सोडून हवा पण शिरत नाही 😄 एकदा मेथीचं बी ठेवलं होतं ते आईने फोडणीला टाकलं.

सातपुडा_पायथा | १३ मे

हसण्यावारी नेऊ नका, ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. घरचं बी फोडणीत गेलं तर एकवेळ ठीक, पण पाकिटातलं गुलाबी, लाल, निळं दिसणारं बी औषध लावलेलं असतं, बहुतेक वेळा बुरशीनाशक. ते स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्याशेजारी कधीच नको. धुऊन पण खायचं नाही, कोंबड्यांना पण टाकायचं नाही. फ्रीजमध्ये घरचं, औषध न लावलेलं बी ठेवायचंच असेल तर बरणीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा मागच्या कोपऱ्यात ठेवा.

तापीकाठची | १३ मे

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्रीच पाच गुंडाळ्या लावल्या. वांग्याचं राखेतून चाळून घेतलं, बारीक चपटं पिवळसर बी आहे, वास काही नाही. एक शंका, स्वयंपाकघरात दुपारी चाळीसच्या वर जातं, तिथं ठेवलेलं चालेल ना? उबेने लवकर उगवेल असं मिस्टर म्हणतात.

प्रयोगवही | १३ मे

नाही चालणार, आजच हलवा. ऊब आणि भट्टी यांत फरक आहे. वांगं, गिलकं, भेंडीला २५ ते ३० अंश आवडतात, चाळीसला ते पण अडखळतात. कांद्याला तर २० च्या आसपासच हवं, धण्यांनाही एवढी उष्णता सोसत नाही. सॅलडचा लेट्यूस तर तिशीच्या पुढे झोपूनच जातो, बी जिवंत असून उगवत नाही. मे महिन्यात कोथिंबीर उगवली नाही म्हणून धणे मेले असं समजून लोक फेकतात ते यामुळे.

तुमच्याकडे माठ असेलच. माठाच्या तिवईखाली, जिथं ओल झिरपते तिथं डबा ठेवा. घरातली सगळ्यात गार जागा तीच. पाणी डब्यात ठिबकू देऊ नका तेवढं.

शेवंतामावशी | १३ मे

माठाखाली आम्ही मेथीचे दाणे मोड यायला ठेवायचो, बरोबर आहे.

तापीकाठची | १३ मे

हलवला डबा.

खजूर | १४ मे

थोडं अवांतर. इस्राएलमध्ये मसादा नावाचा किल्ला आहे, तिथं उत्खननात खजुराच्या बिया सापडल्या, साधारण दोन हजार वर्षं जुन्या. २००५ साली त्यातल्या काही पेरल्या, एक उगवली, चांगलं झाड झालं. वाळवंटातली कोरडी हवा म्हणून टिकली. आणि अमेरिकेत बील नावाच्या प्राध्यापकाने १८७९ मध्ये वीस बाटल्यांत तणांच्या बिया भरून जमिनीत पुरल्या, अजून त्यातल्या बाटल्या ठराविक वर्षांनी काढून पेरतात. २०२१ ला एक काढली, त्यात पण काही बिया उगवल्या. पुढची २०४० ला.

केळीच्या_बागेत | १४ मे

तण दीडशे वर्षं जगतं आणि कांदा दोन वर्षं नाही. गाजरगवताच्या बाबतीत मला हे आधीच माहीत होतं.

खजूर | १४ मे

😂

सातपुडा_पायथा | १४ मे

खजूरभाऊंच्या निरोपात आपल्या कामाचा मुद्दा आहे, कोरडी हवा. आपण खान्देशात उन्हाला शिव्या घालतो पण बी वाळवायला एप्रिल मे सारखी हवा महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही. दुपारी इतकी कोरडी असते की ओला टॉवेल तासाभरात कडक होतो. त्याच हवेत बी सावलीला पसरलं तर चार सहा दिवसांत आतपर्यंत वाळतं. कोकणातल्या माणसाला हे मिळत नाही. आणि मृगानंतर हीच हवा उलटते, जुलै ऑगस्टमध्ये बी हवेतून ओल ओढून घेतं, उन्हाळ्यात वाळवलेलं सगळं वाया. म्हणून माझा शिरस्ता असा की मे संपायच्या आत, कोरड्या दुपारी, बी बरणीत जाऊन झाकण लागलं पाहिजे. सकाळी नाही आणि वळीव पडून गेल्यावर तर नाहीच.

दोन गोष्टी सांभाळा. बी थेट उन्हात, त्यात पत्र्यावर किंवा गच्चीच्या फरशीवर कधीच नाही. गच्ची साठ अंशांपर्यंत तापते, बी चाळीसच्या पुढे नुसतं वाळत नाही तर मरायला लागतं. ओसरीत, खाटेवर सुती कापड टाकून पातळ पसरा, दिवसातून दोनदा हात फिरवा. आणि दुसरं, कूलरच्या खोलीत बी ठेवू नका. उन्हाळाभर ती खोली गार वाटते म्हणून लोक धान्य, बियाणं तिथंच रचतात, पण वाळ्याच्या जाळीतून येणारी सगळी हवा ओली असते. गार पण दमट. बाहेर फुकटची कोरडी हवा आणि आपण बी पाण्याच्या वाफेत ठेवतो.

अमळनेरकर | १४ मे

कूलरचं हे कधी डोक्यातच आलं नाही. आमची मिरचीच्या बियांची पिशवी चार वर्षं त्याच खोलीत होती, आज काढली बाहेर.

गच्चीतली_बाग | १४ मे

पण पूर्ण वाळलं हे कळणार कसं? आमच्याकडे मोजायचं मशीन नाही.

सातपुडा_पायथा | १४ मे

गिलकं, दुधी, भोपळा, काकडीचं बी बोटांत धरून दुमडा. वाकलं तर ओलं, कट करून तुटलं तर वाळलं. चवळी वालाचा दाणा दाढेखाली दाबा, दात उमटला तर अजून दोन दिवस, फुटला तर झालं. वांगं टमाटं बारीक असतं, ते मुठीत दाबून सोडलं की एकही बी दुसऱ्याला न चिकटता सुटं पडलं पाहिजे.

जयू_नंदुरबार | १४ मे

मला राखेबद्दल विचारायचंय. आमच्याकडे मिरचीचं, वालाचं बी राखेतच ठेवतात. प्रयोगवही म्हणतात तसं फ्रीजच बरा तर राखेचा काही उपयोग नाही का?

प्रयोगवही | १४ मे

आहे की. वाल, चवळी, तूर यांचा सगळ्यात मोठा शत्रू ओल नसून भुंगा आहे. तो शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि घरी डब्यात बाहेर पडतो, दाण्याला गोल भोक दिसतं ते त्याचं. चाळलेली बारीक राख दाण्यांच्या फटीत भरली की त्याला फिरता येत नाही, अंगाला खरचटून तो सुकून मरतो. कडुनिंबाचा पाला पण ठेवतात, पण तो खडखडीत वाळलेला हवा, ओला पाला घातला तर ओल तुम्हीच आत नेली. राखेला फक्त एक मर्यादा आहे, लाकडाची राख पावसाळ्यात स्वतः ओल धरते. म्हणून राखेसकट बी हवाबंद बरणीत, नुसत्या पुरचुंडीत नाही.

फ्रीजर असेल तर चांगलं वाळलेलं कडधान्याचं बी बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी अळ्या सगळं मरतं. बी ओलं असताना मात्र फ्रीजरला हात लावू नका, आतलं पाणी गोठून बी फुटतं. डांबरगोळ्या अजिबात नको, धान्यात तर नाहीच नाही.

शेवंतामावशी | १४ मे

आणि बिब्बा?

प्रयोगवही | १४ मे

बिब्बा कीड दूर ठेवतो असं सगळ्या घरांत सांगतात मावशी, पण हाताला लागला तर फोड येतात, मुलं डबे उघडत असतील तर मी ठेवणार नाही.

जयू_नंदुरबार | १५ मे

बरणीत ते निळे खडे घालायचे का? बुटाच्या खोक्यात येतात ते?

प्रयोगवही | १५ मे

सिलिका जेल. खोक्यातली पुडी बहुतेक आधीच ओल पिऊन बसलेली असते, तिचा भरवसा नको. निळे खडे ओले झाले की गुलाबी होतात, नारिंगी हिरवे होतात, मंद गरम करून परत वापरता येतात. निळ्यात कोबाल्ट असतं म्हणून शक्यतो नारिंगी घ्या. नाही मिळाले तर कढईत तांदूळ चांगले कोरडे भाजून, झाकून थंड करून, कापडाच्या पुरचुंडीत बांधून बरणीच्या तळाशी. बियाएवढेच तांदूळ. दोन आठवड्यांनी पुरचुंडी काढून टाका.

बरणी रबराच्या वायसरची, काचेची. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून ओल हळूहळू आत जातेच, आणि फ्रीजमध्ये तर हवा दमट असते. आणि एक गोष्ट सगळे विसरतात. फ्रीजमधून काढली की बरणी लगेच उघडू नका. पाणी प्यायच्या गार बाटलीला बाहेरून घाम येतो तसा आत बियांना येतो. रात्रभर बाहेर ठेवा, बरणी खोलीइतकी झाली की मग झाकण.

केळीच्या_बागेत | १५ मे

लाइट चार चार तास जाते त्याचं काय?

प्रयोगवही | १५ मे

बी कोरडं आणि बरणी बंद असेल तर चार तासांनी काही बिघडत नाही. फ्रीज नसेल तर घरातल्या उत्तरेकडच्या भिंतीला, जमिनीलगत, अंधारात ठेवा. माळ्यापेक्षा केव्हाही बरं.

मृगाची_वाट | १६ मे

अवांतर: नवरात्रात घटाभोवती आपण धान्य पेरतो, नऊ दिवस बघतो कसं उगवतं. आमची आजी म्हणायची घट चांगला आला की रब्बीचं बी चांगलं. ही पण उगवण चाचणीच झाली की.

सातपुडा_पायथा | १६ मे

घरचंच बी घटात टाकत असाल तर नक्कीच. वाण्याकडचे गहू टाकून आपल्या बियाचं काही कळणार नाही 🙂

मृगाची_वाट | १६ मे

घरचेच असतात भाऊ, दादर ज्वारी पण असते.

सोपान७२ | १८ मे

सगळं वाचलं. मला एक पटत नाही. एवढी मेहनत कशासाठी? हायब्रीड वांगं दुप्पट पीक देतं, बी पाकिटात मिळतं, दरवर्षी नवीन. घरचं बी धरून रोग पण धरायचे?

प्रयोगवही | १८ मे

सोपानभाऊ, विकायला पीक घेताय तर तुमचं चुकत नाही. हायब्रीडचं बी पुढच्या वर्षी धरायचं नाही हे पण खरं, त्याची पिल्लावळ एकसारखी येत नाही, एक झाड एका आजोबासारखं तर दुसरं दुसऱ्या. पण जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते कशाचं? हिरवं, पांढरट रेघांचं, बियांना कमी, भाजलं की सालीतून तेलकट गर सुटतो, ते हे गावरान वाण. ते टिकलं ते बामणोद, असोदा, भादलीकडच्या लोकांनी घरी बी धरलं म्हणून. रोगाचं म्हणाल तर निरोगी झाडाचंच बी धरायचं, ही पहिली अट.

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती हेच काम केलं म्हणून. ते घरातल्या मडक्यांतूनच सुरू झालं होतं.

सोपान७२ | १८ मे

भरीताचं म्हणाल तर मान्य. माझ्या भाजीच्या वाफ्यात पण गावरानच आहे, खोटं कशाला बोलू.

गच्चीतली_बाग | १९ मे

घरच्या दुधीचं बी धरते मी, एकदा दुधी कडू आला होता, तो बियाचा दोष का?

सातपुडा_पायथा | १९ मे

असू शकतो, शेजारच्या कडू वेलाचा पराग मधमाशीने आणला असेल तर पुढच्या पिढीत कडू येतो. पाण्याचा ताण पडला तरी येतो. काही असो, दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर थुंका आणि सगळा फेका, भाजी नाही आणि रस तर अजिबात नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. आणि त्या वेलाचं बी धरायचं नाही.

तापीकाठची | २७ मे

मंडळी निकाल. प्रत्येकी वीस बी होतं. गिलकं १७, गवार १५, भरीताचं वांगं ११, भेंडी ४, कांदा शून्य. गिलकं पाचव्या दिवसापासूनच यायला लागलं, पण वांगं दहाव्या दिवसापर्यंत काहीच नाही आणि मग रोज एक दोन करत आलं, शेवटचं काल. सासूबाईंना ११ सांगितलं तर म्हणाल्या मी म्हटलं नव्हतं का. मिस्टर गिलक्याकडे बघून गप्प आहेत.

अमळनेरकर | २७ मे

वा! वांगं आलं!!

सातपुडा_पायथा | २७ मे

छान. कांदा शेणखतात. भेंडीला अजून आठवडा द्या, जे दाणे फुगलेच नाहीत, तसेच कडक आहेत ते मेलेले नसतील, साल कडक असते भेंडीची. नखाएवढं सालीला घासा सँडपेपरवर आणि रात्रभर पाण्यात ठेवून परत गुंडाळा. गिलकं गवार डोळे झाकून पेरा.

वांग्याचं नीट ऐका. ५५ टक्के बी उगवतंय, पण उशिरा आणि रेंगाळत उगवतंय, म्हणजे बियाचा जोर सरत आला आहे. हा आकडा पुढच्या वर्षी ५० नाही होणार, एकदम खाली येईल. म्हणून डब्यातलं सगळं बी यंदाच टाका, थोडं म्हणून मागे ठेवू नका. नाही, थांबा, चिमूटभर बरणीत ठेवा, रोपवाटिका पावसात वाहून गेली तर. बाकी ट्रेमध्ये, एका खळग्यात दोन बी, सावलीच्या जाळीखाली. जमिनीत थेट नको, कमकुवत कोंब पहिल्या जोराच्या सरीला मातीखाली दबतो.

प्रयोगवही | २७ मे

अनुमोदन. आणि एका झाडाचं बी धरू नका. आठ दहा चांगली झाडं हेरून, प्रत्येकाचं एखाद दुसरं फळ ठेवा, नाहीतर वाण आकसत जातं. शेजारी दुसरं वांगं असेल तर मधमाशा पराग नेतातच, प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला १०० मीटर अंतर ठेवतात. घरी तेवढं जमत नाही, तर फुलायच्या आधी कळीला मलमलीची पिशवी बांधा, फळ धरलं की काढा आणि देठाला लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे तोडणीला चुकून जाणार नाही.

फळ पिवळं होऊन सुरकुतेपर्यंत झाडावर राहू द्या. तोडून आठवडाभर तसंच ठेवा, मग कापून गर बादलीत पाण्यात चोळा. इथं गच्चीताईंची पद्धत कामाला येते बघा, ताज्या ओल्या बियाला. भरलेलं बी तळाला बसतं, गर आणि पोचट वर येतं, ते ओतून द्या. तीन चार पाणी बदला आणि लगेच सावलीत पसरा. वांग्याचं बी त्या वेळेला हिवाळ्यात येईल, तेव्हा पण हवा कोरडीच असते.

गच्चीतली_बाग | २७ मे

😀 चला, वाटीभर पाणी अगदीच वाया गेलं नाही.

शेवंतामावशी | २८ मे

पहिल्या तोड्याचं फळ बियाला ठेवू नको गं, आणि शेवटचं पण नको. मधल्या बहराचं ठेव, झाड तेव्हा भरात असतं.

तापीकाठची | २८ मे

मावशी, सासूबाईंनी शब्दन् शब्द हेच सांगितलं. लाल दोऱ्याचं ऐकून त्या म्हणाल्या की त्या चिंधी बांधायच्या. ट्रे आणि कोकोपीट आजच चोपड्याहून आणतेय, मृगाला टाकते.

जयू_नंदुरबार | २८ मे

ताई, बी तयार झालं की मला पण थोडं मिळेल का? मी नंदुरबारच्या लांब लाल मिरचीचं घरचं बी देईन, या वर्षीचंच आहे.

तापीकाठची | २८ मे

देणार म्हणजे काय, नक्की. जानेवारीत तयार होईल. मिरची चालेल की, आमच्याकडे ठेच्याला लागतेच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. राखेत पाठवू का चाळून?

जयू_नंदुरबार | २९ मे

चाळूनच पाठवा, आणि कुठल्या झाडाचं ते पुडीवर लिहा, मी वेगवेगळं पेरून बघेन.